बरोब्बर ठेवलेला फोन

मला टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी कर्जतच्या दहिवलीत आळीभर सांगितलं, "सुनेला बसून बोलायची नोकरी लागलीय. तिकडं बोलून दमली म्हंजे घरात तरी गप ऱ्हाईल." मी तिकडे दमले नाही आणि घरातही गप्प राहिले नाही. स्वभावाला औषध नसतं. लहानपणापासून माझ्या नाकावर राग, आणि तो लपवायची कला मला कधी आली नाही.

सकाळी कर्जतहून खोपोलीची गाडी पकडायची. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत ती निवांत जायची. गाडीत भाजीच्या पाट्या, शाळेचे मास्तर, कारखान्यांतले कामगार. उतरून शिळफाट्याच्या दिशेने चालत निघालं की वाटेत आमचं एक्सचेंज लागायचं. भाड्याच्या इमारतीचा वरचा मजला, खाली पिठाची गिरणी. त्यामुळे आमच्या बोर्डावर रोज पिठाचा थर बसायचा आणि मोठ्या बाई आल्या आल्या फडक्याने तो पुसायच्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्यातल्या सर्वांत जुन्या ऑपरेटर, मूळच्या पुण्याच्या. त्यांची मराठी इस्त्री केल्यासारखी होती. बाहेरून फोन करणाऱ्यांना त्या साहेबच वाटायच्या.

बोर्ड म्हणजे भिंतीला टेकवलेलं लाकडी कपाट. त्यावर प्रत्येक फोनची एक छोटी झडप. गावात कोणी आपल्या फोनचा दांडा फिरवला की त्याच्या नंबरची झडप खट्‌कन खाली पडायची. आम्ही तिच्याखालच्या भोकात दोरीचं टोक खुपसायचं आणि म्हणायचं, "नंबर प्लीज." मग दुसऱ्या दोरीने त्याला हवा तो नंबर जोडून द्यायचा. मुंबई-पुण्याच्या ट्रंक लाइनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांच्यासाठी नंबर लावून तास न् तास बसणारे लोक होते.

या बोर्डाला एक खोड होती आणि ती कोणत्याही दुरुस्तीने जाण्यासारखी नव्हती. ज्याची झडप पडली त्याला विचारायलाच हवं. घराला आग लागली म्हणून दांडा फिरवलाय की पोरं खेळतायत, हे बोर्डाला कळत नसे. दोघांची झडप सारख्याच आवाजात पडायची. शिळफाट्यावरच्या एका लाकडाच्या वखारीचे शेठ मुंबईचा कॉल बुक करायचे आणि तो लागेपर्यंत दांडा फिरवत बसायचे. आम्ही म्हणायचो, शेठ, लागला की देतो. शेठ म्हणायचे, "नाय, मी आपली आठवण करून देतो." त्यांच्या आठवणीपायी कोणाच्या बाळंतपणाचा फोन, कोणाच्या मयताचा फोन, सगळ्यांच्या झडपा पडून राहायच्या, कारण आमचे हात शेठच्याच भोकात दोरी घालण्यात गुंतलेले. तार तुटलेली नसायची, बोर्ड जळालेला नसायचा, पण तेवढा वेळ एक्सचेंज असून नसल्यासारखं व्हायचं. एकदा मी त्यांना म्हटलं, "शेठ, दळण दळताय का? गिरणी खाली आहे." त्यांनी साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी मला बोलावून समज दिली आणि मी समज घेतली नाही.

शेठवर निदान रागावता यायचं. ज्याच्यावर रागावताच येत नाही अशा माणसाने लाइन अडवली तर काय करायचं, ते मला नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं.

आमच्या एक्सचेंजपासून चौक गावच्या बाजूला एकच तार जायची आणि वाटेतले सगळे फोन त्या एका तारेवर लटकवलेले होते. एक भातगिरणी, एक दवाखाना, आणि लोधिवलीच्या आत असलेल्या आमच्या गावचं पोस्ट. हे गाव म्हणजे माझं माहेर. पोस्टाला एक लांब घंटी द्यायची, दवाखान्याला एक लांब आणि एक आखूड, गिरणीला दोन आखूड. घंटी सगळ्यांकडे वाजायची, ज्याची त्याने ओळखून उचलायची. पण या तारेवरचा एक जरी रिसीव्हर उचललेला राहिला तरी आम्ही घंटीसाठी सोडलेला करंट त्याच्यातूनच वाहून जायचा आणि मग कोणाकडेच काही वाजायचं नाही. खालचा एक नळ उघडा राहिला की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसं ते होतं.

त्या गावात माझा बाबा आणि आई राहायचे. बाबाला आम्ही अरे-तुरेच करायचो. आमच्याकडे तशीच रीत आहे, त्यात मान कमी नसतो. खोपोलीच्या एका कारखान्यात खलाशी, म्हणजे ओझी उचलणारा मदतनीस, म्हणून काम करून तो घरी बसला होता. आईचं एक अंग लुळं पडलेलं. तिला भरवणं, उठवणं, वेणी घालणं, सगळं तोच करायचा. वेणी तर माझ्यापेक्षा चांगली घालायचा. आणि माझा धाकटा भाऊ तेव्हा मुंबईत, हॉस्पिटलात होता.

भावाला लहानपणी सांध्यांचा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना त्याचं हृदय बिघडवून गेला. पुढे कॉलेजात असताना जिना चढला की धाप लागू लागली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप नीट उघडत नाही, ऑपरेशन करावं लागेल. झडप म्हटल्यावर मला आमचा बोर्डच दिसायचा. पडली तर बोटाने वर करायची, त्यात काय एवढं. वेड्यासारखी मी दिवसभर झडपा वर करायची आणि मनात म्हणायची, इतकं सोपं असू दे.

आईला एकटं टाकून बाबाला मुंबईला जाता येत नव्हतं. शेजारीपाजारी भरवतील, पण तिचं बाकीचं कोण करणार. माझा नवरा रजा काढून भावापाशी राहत होता, आणि मी सुट्टीच्या दिवशी जाऊन येत होते. भाऊ हसायचा, थट्टा करायचा, नर्सबाईंना ताई म्हणायचा, पण रात्रभर झोपत नाही असं नवऱ्याने मला सांगितलं. ऑपरेशनचा दिवस ठरला तेव्हा त्याने एकच मागणं केलं. आदल्या दिवशी बाबाशी बोलायचंय. वॉर्डच्या सिस्टर मायाळू होत्या. त्यांनी आपल्या टेबलावरचा फोन वापरू द्यायचं कबूल केलं. नवऱ्याने बाबाच्या नावाने पी.पी. कॉल बुक केला. पी.पी. म्हणजे ज्याचं नाव सांगितलं तोच माणूस फोनवर यायला हवा. आधी त्या माणसाला बोलावून बसवायचं आणि मग लाइन जोडायची.

बाबाने आयुष्यात कधी फोन कानाला लावला नव्हता. मुलगी टेलिफोनात नोकरीला आहे हे तो अभिमानाने चार लोकांत सांगायचा, पण फोनशी त्याचं कधी काम पडलं नव्हतं. मी गावी जाऊन त्याला निरोप दिला तेव्हा त्याने विचारलं, "मोठ्यानं बोलायचं का हळू?" म्हटलं, नेहमीसारखं बोल. "आनि तो रडला तर?" म्हटलं, तो नाही रडणार. "मी रडलो तर?" मी म्हटलं, पोस्टातल्या वहिनी सगळं दाखवतील, तू काळजी करू नको.

आमच्या गावचं पोस्ट म्हणजे पोस्टमास्तरांच्या घराची पडवी. एक टेबल, एक लोखंडी पेटी, भिंतीला फोन. मास्तर सकाळी टपाल वाटायला सायकलवर जायचे आणि त्या वेळात त्यांची बायको, म्हणजे वहिनी, घरातली कामं करता करता फोन बघायची. भली बाई होती. मात्र बाबा तिच्या पडवीत नेहमी कडेला, पायरीजवळ उभा राहायचा. छप्पन सालानंतर आम्ही कोणापुढे वाकायचं सोडलं होतं, पण जुन्या माणसांच्या पायांना जुनी जागा ठाऊक असायची. त्या दिवशी तो चौदा एप्रिलला घालायचा पांढरा सदरा घालून गेला होता, असं मला नंतर वहिनींनी सांगितलं.

त्या सकाळी मी मुंबईच्या लाइनवर बसले होते आणि गावाकडच्या लाइनी मोठ्या बाईंकडे होत्या. त्यांनी आमच्या पोस्टाला घंटी दिली. तिकडे वहिनींनी फोन उचलला, "मामा, तुमचाच हाय, घ्या," म्हणून बाबाच्या हातात दिला आणि चुलीवर भाकरी होती म्हणून आत पळाल्या. मोठ्या बाई आपल्या इस्त्रीच्या मराठीत म्हणाल्या, "नमस्कार बाबा. मुंबईहून आपल्या चिरंजीवांचा कॉल आहे. लाइन मिळतेय. आता फोन ठेवा, लागला की मी देते." माझ्या बापाला कोणी ‘आपल्या चिरंजीवांचा’ म्हणतंय हे ऐकून मला शेजारी बसल्या बसल्या गुदगुल्या झाल्या. बाईंनी दोरी काढली आणि त्या दुसऱ्या कामाला लागल्या.

‘फोन ठेवा, लागला की देते.’ हे वाक्य आम्ही सगळ्याच जणी दिवसभर म्हणायचो. तसं म्हणायचं असंच आम्हाला शिकवलेलं होतं. आणि ऐकणारा रिसीव्हर परत आकड्याला अडकवून मोकळा व्हायचा. पण आमच्या घरी ‘ठेव’ म्हणजे काय होतं? ताट ठेव. फुलं ठेव. आईला उचलून बाजेवर ठेव. हातातली वस्तू सांभाळून, धक्का न लावता, डोळ्यांसमोर राहील अशी मांडायची, याला आमच्याकडे ठेवणं म्हणायचे. ज्यांच्या घरी फोन होता त्यांच्याकडे या शब्दाला नवा अर्थ आला होता, आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांना तो कोणी कळवला नव्हता. बाबाने रिसीव्हर टेबलावर ठेवला. टपालाच्या पिशवीची घडी करून तिच्यावर, मऊ जागी ठेवला.

थोड्याच वेळात मला मुंबईच्या ऑपरेटरचा आवाज आला. मग सिस्टरांचा. मग भावाचा. "हॅलो? ताई, तूच हायस का?" मी म्हटलं, मीच आहे, थांब, बाबाला देते. मी आमच्या गावची दोरी घातली आणि घंटीचा दांडा फिरवला. दांडा जड लागला. ज्यांनी ते काम केलंय त्यांना हाताला कळतं. दांडा हलका फिरला तर घंटी वाजतेय, जड लागला तर करंट मध्येच कुठे तरी गळतोय. मी पुन्हा फिरवला, तसाच जड. मग मी ऐकायची कळ दाबली.

मला आमच्या गावची पडवी ऐकू आली. कोंबड्या, चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज, आणि बाबाची खाकरण्याची लकब. रिसीव्हर उघडा होता आणि तो त्याच्या शेजारीच उभा होता. मी म्हटलं, "बाबा, फोन कानाला लाव." मग ओरडले. मग खुर्चीतून उठून ओरडले. एक्सचेंजमधल्या सगळ्या जणी वळून बघायला लागल्या. खाली गिरणीवाल्याने गिरणी थांबवली. बाबाला काही ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात वहिनींचा आतून आवाज आला. "मामा, फोन ठेवलात ना?"

"ठेवला, वयनी," बाबा म्हणाला. "बरोब्बर ठेवलाय."

मी कपाळाला हात लावला. तारेवरच्या दुसऱ्या कोणाला तरी उठवून तिकडे पळवावं म्हणून मी दवाखान्याची घंटी दिली, भातगिरणीची दिली. ती वाजणार कशी? पाणी तर सगळं खालच्याच नळाने चाललं होतं. लाइनमन सायकल घेऊन खालापूरकडे गेलेला. दवाखान्याचा कंपाउंडर आपला फोन मुका झाला म्हणून त्याच वेळी पोस्टात आला, हेही मी ऐकलं. मला वाटलं सुटलो. पण त्याला टेबलावर रिसीव्हर दिसला, म्हणजे कोणाचं तरी बोलणं चाललंय असं त्याने धरलं, आणि बाबाने त्याला वर ताकीद दिली, "हात नको लावू रं. मुंबईची लाइन हाय. माजा पोरगा बोलनार हाय." कंपाउंडर बिचारा "बरं बरं" म्हणून परत गेला. माझा बाप आपल्या मुलाची वाट स्वतःच अडवून बसला होता, आणि कोणी ती मोकळी करू नये म्हणून पहाराही देत होता.

मुंबईची ऑपरेटर विचारत होती, "खोपोली, पार्टी मिळाली का?" मी खोटं बोलले, मिळाली. भाऊ विचारत होता, "ताई, काय झालं?" शेवटी मी दोन्ही दोऱ्या जोडल्या आणि त्याला म्हटलं, "बाबा तिथंच आहे. त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवलाय. त्याला आपलं ऐकू येत नाही, पण तुला त्याचं येईल. ऐक."

पडवीत आता बाबा एकटाच होता. आणि तो तालीम करत होता.

"हॅलो," तो म्हणाला. मग जरा घसा साफ करून, "हॅलो. मी तुजा बाबा बोलतो." हे त्याला पसंत पडलं नसावं. "कसा हायस रं? जेवलास का?" मग थोडा वेळ गप्प, बहुतेक पलीकडचा काय म्हणेल याचा अंदाज घेत. "आई बरी हाय. तुजं नाव काढलं का डोळं उघडते. तू घाबरू नको. मी मास्तरांना इचारलं, झडप म्हंजे काय. दाराला असते तशीच असते बोलले. दुरुस्त करतात." मग आवाज जरा खाली गेला. "मी आलो नाय म्हनून राग नको धरू. आईला टाकून कसा येऊ? तूच सांग."

आणि माझ्या दुसऱ्या कानात भाऊ त्याला उत्तरं देत होता. जेवलो म्हणाला. खरं तर तपासण्यांसाठी त्याला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. घाबरलो नाय म्हणाला. बाबा पहिल्यापासून पुन्हा सुरू करायचा आणि भाऊ पुन्हा पहिल्यापासून उत्तरं द्यायचा, न कंटाळता, जणू दोघं समोरासमोर बसलेत. मी मध्ये बसले होते. दोन्ही बाजूंचं ऐकणारी मी एकटी, आणि दोघांना जोडायचं काम माझं, ज्याचा मला पगार मिळत होता. मी टेबलावर डोकं टेकून रडले. मोठ्या बाईंनी न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्या बाकीच्या झडपा स्वतः उचलायला लागल्या.

मग मुंबईची ऑपरेटर मध्ये आली. लाइटनिंग कॉल आहे, लाइन घ्यावी लागेल. लाइटनिंग म्हणजे सगळ्यांच्या वर, त्याच्यापुढे कोणाचं चालत नसे. मी म्हटलं, एक मिनिट द्या. ती म्हणाली, घाई करा. भावाला कळलं. तो म्हणाला, "ताई, बाबाला नको सांगू हां. त्यानंच अडवला म्हनून. जीवाला लावून घेईल." मी हो म्हटलं. पुढे काही बोलणार तोच लाइन गेली.

दुपारी बाबा आईला भरवायला घरी गेला. तेवढ्यात मास्तर आले, रिसीव्हर टेबलावर बघून बायकोच राहून गेली असेल असं समजले आणि त्यांनी तो आकड्याला लावला. बाबा धावत परत आला आणि दिवस मावळेपर्यंत पायरीवर बसून राहिला. संध्याकाळची लाइन आम्हाला मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी भावाचं ऑपरेशन झालं आणि तो त्यातून शुद्धीवर आला नाही. तो गेला ती बातमी मात्र आमच्या गावापर्यंत एका दमात पोचली. तेव्हा तारेवर एकही रिसीव्हर उघडा नव्हता.

बाबाने मला विचारलं, फोन का आला नाही. मी सांगितलं, मुंबईकडची लाइन खराब होती. त्यानंतर कितीतरी वर्षं मी माहेरी गेले की तो माझ्या खात्याचा उद्धार करायचा. "तुमची लाइन," असं तो म्हणायचा, सरकारची नाही, माझीच. "एक दिवस चालली असती तर काय जात व्हतं? जलमात एकदा मागितली." पाहुण्यांपुढे म्हणायचा, भावाच्या वर्षश्राद्धासारख्या पुण्यानुमोदनाला जमलेल्या लोकांपुढे म्हणायचा. मी कोणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे, शेठचं घेतलं नाही, साहेबांचं घेतलं नाही, सासूबाईंचं तर नाहीच. त्याचं घेतलं. नवरा एकदा न राहवून खरं सांगायला निघाला, तर मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पानावरून उठून हात धुवायला गेला.

आई गेली आणि मी बाबाला दहिवलीला माझ्याकडे आणलं. ऐंशी साल उलटलं होतं. आमचा बोर्ड निघण्याच्या गोष्टी चालल्या होत्या, कर्जतला घरोघरी नाही तरी आळीआळीला फोन दिसायला लागला होता, आणि खात्यातलं माणूस म्हणून माझ्याही घरात एक आला. काळा, जड, टेबलावरचा. बाबा त्याच्याकडे पाठ करून बसायचा. मी त्याला काही म्हणत नसे.

एका रविवारी दुपारी तो सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसला होता. मी नणंदेशी फोनवर बोलत होते. बोलणं लांबलं, तशी मी म्हटलं, "बरं, ठेवते आता," आणि रिसीव्हर खाली ठेवला. वळून बघते तर बाबा माझ्या हाताकडे बघत होता.

"ठेवते म्हंजे तसं?" त्याने विचारलं. "त्याच्या जागेवर?"

तो काय विचारतोय ते कळूनही मी म्हटलं, "हो. का रे?"

तो बराच वेळ एकच शेंग हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मंग मी त्या दिशी ठेवलाच नव्हता."

मी घाईघाईने म्हटलं, अरे नाही, मुंबईकडची लाइन. त्याने हाताने मला थांबवलं. "त्यातनं बारीक आवाज येत व्हता. मुंगी बोलावी तसा. मी वाकून बघितलं पन. मला वाटलं तार हाय, किरकिर करत असंल. कानाला लावावं असं लय वाटलं. पन बाई बोलल्या व्हत्या ठेवा, मंग हात कसा लावू?" त्याने शेंग सुपात टाकली. "तो आवाज तुजा व्हता का गं?"

"माझा होता," मी म्हटलं. "आणि त्याचाही होता."

मग मी त्याला सगळं सांगितलं. भावाला दिलेला शब्द मोडला. ज्यापासून बाबाला वाचवायचं होतं ते त्याला कळून चुकलं होतंच, उरलेलं तरी त्याच्यापासून कशाला लपवायचं. मी सांगितलं की तू पडवीत जे जे बोललास ते त्याने ऐकलं. आईचं ऐकलं, दाराच्या झडपेचं ऐकलं. तू जितक्यांदा म्हणालास तितक्यांदा त्याने उत्तर दिलं.

"राग नको धरू बोललो, ते?"

"तेही ऐकलं."

"मंग काय बोलला?"

"राग नाय, बाबा, असं बोलला. दर वेळी बोलला."

बाबाने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. मी त्याच्याजवळ खाली बसले. मग त्याने विचारलं, "आवाज कसा व्हता त्याचा?"

आवाज ओळखण्यात माझा जन्म गेला. नुसत्या खाकरण्यावरून मी तालुक्यातली माणसं ओळखायची. पण एवढ्या वर्षांनी भावाचा आवाज कसा होता ते मला सांगता येईना. मी आठवून आठवून बघितलं आणि मग जे खरं होतं तेच सांगितलं. "तुझ्यासारखा, बाबा. लाइनवर तुमच्या दोघांचे आवाज वेगळे काढता येत नव्हते."

त्याने मान हलवली. शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. मग आपल्याच आवाजात, अगदी हळू, म्हणाला, "राग नाय, बाबा." थोडा वेळ ऐकत बसला आणि पुन्हा एकदा म्हणाला.